लोंढा, घुसखोर, निर्वासित, पाहुणे: कोणाला काय म्हणायचं हे ठरवतं कोण?

घोडबंदर_उषा

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर मेसेज आला, घोडबंदर रोडला बांगलादेशी रोहिंग्यांचे लोंढे शिरतायत, कामाच्या निमित्ताने घरं हेरून जातात, सावध राहा आणि जास्तीत जास्त ग्रूपवर पाठवा. खाली ना तारीख ना सही. मी डबे भरता भरता वाचला आणि दिला पुढे ढकलून, बहिणींच्या ग्रूपवर, माहेरच्या ग्रूपवर, दोन मिनिटांचं काम. दुपारी गेटवरून फोन, मॅडम तुमच्याकडे लादीचं काम करणारा पोरगा आलाय, बंगाली बोलतो, सोडू का? आता हा पोरगा आठ दिवस रोज येत होता, ह्याच वॉचमनने रोज सोडला होता, दोघं तंबाखू पण एकत्र मळायचे. खाली गेले तर तो प्लास्टिकची फाइल हातात धरून उभा. आधार, मतदार कार्ड, शाळेचा दाखला, सगळं लॅमिनेट केलेलं. गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यात. मला म्हणाला, "भाभी, ये सब लेके ही निकलता है मैं."

म्हणजे तो ना बांगलादेशी, ना रोहिंग्या, ना निर्वासित. आपली पोरं दुबईला जातात तसा मजुरीला आलेला, तेही स्वतःच्याच देशात. आणि त्याला गेटवर उभं करण्यात माझ्या अंगठ्याचा पण हात होता (हे वाक्य विचित्र झालंय, राहू दे).

पण मला खरं लागलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. मी एका मराठी दैनिकात डेस्कवर १९ वर्षं काढलीत. 'लोंढा' हा शब्द मथळ्यात मी स्वतः किती वेळा टाकला असेल त्याची गणती नाही, आणि खरं सांगू, त्यामागे कुठला द्वेष वगैरे नव्हता, तो दोन अक्षरी आहे आणि दोन कॉलमात मावतो एवढंच. 'स्थलांतरित' बसवायला गेलं की ओळ तुटते. रात्री साडेबाराला पान सोडायचं असतं, कोण विचार करतंय. खाली बातमी अगदी मापात असायची, आकडे तपासलेले, दोन्ही बाजू घेतलेल्या, आणि वर लोंढा. वाचणारा मथळा वाचून पान उलटतो हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार.

लोंढा म्हटलं की ठाण्यातल्या माणसाला काय दिसतं? मला तरी २६ जुलै २००५ दिसतो, ते तपकिरी पाणी, त्यातून तरंगत जाणारा कोणाचा तरी गॅस सिलिंडर. पाण्याला कोणी विचारत नाही बाबा तू कुठून आलास, का आलास, घरी कोण कोण असतं. पाणी थोपवायचं असतं. म्हणजे शब्द नुसता नाम म्हणून येत नाही, आपलं क्रियापद बरोबर घेऊनच येतो, आदळतो, घुसतो, थोपवा, रोखा.

तुमच्या पाहण्यात असे कुठले शब्द आहेत? आणि त्यांनी खरंच कोणाचं मत फिरलेलं पाहिलंय का, की मीच रिटायर झाल्यावर जास्त विचार करायला लागलेय?

कळव्याचा_बंड्या

पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

विजय_सानपाडा

ताई, लिहिलंय चांगलं पण पटलं नाही. सकाळी नवाचा सुमार, ठाणे स्टेशनचा पूल, आपण स्वतःच म्हणतो ना माणसांचा लोंढा? तिथे कोणाचा द्वेष करतो आपण? मराठीत गर्दीला लोंढा म्हणतात, विषय संपला. आणि दुसरं, शब्द मऊ केल्याने बेकायदा आलेला माणूस कायदेशीर होत नाही. खोटी कागदपत्रं बनवून देणाऱ्या टोळ्या पकडल्या जातात त्या काय भाषेच्या अलंकारासाठी पकडल्या जातात का? आमच्या सेक्टरमध्ये पाणी दिवसातून दोन तास, शाळेत ॲडमिशन मिळत नाही, माणसाने विचारायचं नाही का की इतकी माणसं येतात कुठून? विचारलं की लगेच 'संकुचित', 'असंवेदनशील'. हे पण शब्दच आहेत की, तोंड बंद करायचे. ह्यावर पण लिहा कधीतरी.

घोडबंदर_उषा

विजय, शेवटचा मुद्दा मान्य. 'असंवेदनशील' म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ऐकायचं काम उरत नाही, आमच्या संपादकीय पानावर हे भरपूर चालायचं.

पुलाचं मात्र बघा. मी स्वतः त्या पुलावर असले की घरी फोन करून "आज फार गर्दी होती" असं सांगते. "आज लोंढा होता आणि मी त्यात होते" असं नाही म्हणत. लोंढा लांबून दिसतो, आत असलो की गर्दी.

कॅम्प_नंबर_चार

उषाताई, मी सिंधी, जन्म उल्हासनगरचा, आता कोपरीत राहतो, मराठी शाळेत शिकलोय त्यामुळे इथे असतो. आयडीवरून लोक विचारतात कसला कॅम्प, तर आमच्याकडे अजून पत्ता असाच सांगतात, कॅम्प एक ते पाच. मूळ कल्याण कॅम्प, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर आमची माणसं तिथल्या बराकींमध्ये आणून ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारी, तेव्हाचे गव्हर्नर जनरल, येऊन कोनशिला बसवून गेले आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव झालं. म्हणजे सरकारने कागदावर 'कॅम्प' काढून टाकला त्याला ७५ वर्षं होऊन गेली पण तोंडातून गेला नाही. आम्हीच काढत नाही आता, आपलाच वाटतो.

माझ्या आजोबांना 'निर्वासित' शब्दाचा भयंकर राग. मराठीत अर्थ सरळ आहे, वस्ती गेलेला, पण त्यांच्या कानाला तो भिकाऱ्यासारखा लागायचा. हिंदीत 'शरणार्थी' म्हटलं तर म्हणायचे, मी कोणाला शरण नाही आलो, पापड विकून खातो. त्या पिढीत फाळणीत आलेले बरेच जण स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घ्यायचे, आजोबा त्यातलेच. तो शब्द बाहेर कोणी उचलला नाही. बाहेर चालला तो 'रिफ्युजी', तो पण भांडणात.

आणि ती म्हण माहीत असेल सगळ्यांना, साप आणि सिंधी समोर आले तर आधी कोणाला मारायचं. शाळेत मला मित्रांनीच ऐकवलीय, हसत हसत, मी पण हसलोय. कॉलेजला गेल्यावर एका यूपीच्या पोराने तीच म्हण दुसऱ्याच समाजाबद्दल ऐकवली, शब्दन् शब्द तीच, फक्त जात बदललेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला की हा रिकाम्या जागा भराचा कागद आहे, ज्याचा नंबर लागेल त्याचं नाव.

कळव्याचा_बंड्या

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. कॅम्पसाहेब, आमच्या घरात पण ती म्हण चालायची. सॉरी हं.

आणि तिथल्या मालावरचं ते 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ते?

कॅम्प_नंबर_चार

तो जोक आम्हीच जास्त सांगतो 😄 आपल्यावरचा जोक आपण सांगितला की त्याची धार आपल्या हातात राहते.

नौपाड्याचे_काका

मी ७१ साली शाळेत होतो. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती. तेव्हा पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक ५ पैशाचं तिकीट लावावं लागे, नोव्हेंबर १९७१ पासून. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटावरच वरून 'शरणार्थी सहायता' छापलेलं होतं, नंतर वेगळं तिकीट आलं. ७३ साली बंद झालं. वडील पोस्टात कुरकुरायचे पण लावायचे, आणि पाहुण्यांना सांगायचे की बघा आपण पण देतोय.

मला आज वाटतं त्या तिकिटाने जे काम केलं ते दहा भाषणांनी झालं नसतं. प्रत्येक पत्रावर तो शब्द, शरणार्थी, आश्रयाला आलेला, आणि त्याच्या शेजारी तुमचे पाच पैसे. म्हणजे तुम्ही आश्रय देणारे. घरबसल्या प्रत्येकाला मोठेपणा वाटून दिला सरकारने. तीच माणसं, तीच सीमा, आणि पुढच्या वीस वर्षांत 'घुसखोर' हा शब्द रूढ झाला. दोन्ही वेळेला आलेले सगळेच एका कारणाने आले होते असं माझं म्हणणं नाही, कारणं वेगळी होती, पण सामान्य माणूस काही सीमेवर जाऊन कारण तपासत नाही, त्याला शब्द मिळतो आणि तो वापरतो.

ती तिकिटं माझ्या संग्रहात आहेत, कोणाला बघायची असतील तर या, फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका.

वकील_कोर्टनाका

थोडी शब्दांची साफसफाई करतो, म्हणजे पुढची मारामारी तरी नीट होईल.

निर्वासित म्हणजे १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे असा माणूस जो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातला असणं किंवा राजकीय मत ह्यामुळे छळ होईल अशा सार्थ भीतीने देशाबाहेर आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावर पण नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदा पण आपल्याकडे नाही. कित्येक दशकं १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यावर काम चाललं आणि त्या कायद्याला निर्वासित हा प्रकारच माहीत नव्हता, त्याच्या लेखी सगळेच परकीय. २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात 'बेकायदा स्थलांतरित' ही व्याख्या आली. तरी तिबेटी १९५९ पासून राहतायत, श्रीलंकेतले तमिळ १९८३ नंतर आले, त्यांना सरकारने आपल्या धोरणाने ठेवून घेतलं. म्हणजे कोणाला कुठला शब्द चिकटेल हे कायद्यापेक्षा फाइल ठरवते, आणि फाइल त्या त्या वेळच्या हवेवर चालते.

विजय म्हणतात ते बेकायदा येणं हा वेगळा प्रश्न आहे आणि खरा आहे. फक्त उषाताईंच्या लादीवाल्याला तो लागूच नव्हता, हे विसरू नका.

विजय_सानपाडा

वकीलसाहेब, लादीवाल्याचं वाईट वाटलंच हो मला. मी राक्षस नाहीये.

वाशीची_मास्तरीण

ज्युनिअर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. उषाताई विचारतायत ना की शब्दाने खरंच मत फिरतं का, त्यावर २०११ चा एक गाजलेला प्रयोग आहे, थिबोडो आणि बोरोडिट्स्की दोघांचा. एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचा परिच्छेद, आकडे सेम, फक्त एका गटाला लिहिलं की गुन्हेगारी हा शहरावर झडप घालणारा हिंस्र पशू आहे आणि दुसऱ्याला लिहिलं की तो शहराला लागलेला विषाणू आहे. पशूवाल्यांनी पकडा, डांबा असे उपाय जास्त सुचवले, विषाणूवाल्यांनी कारणं शोधा, शाळा-नोकऱ्या बघा असे. खरी मजा पुढे आहे, तुम्ही हे मत कशावरून बनवलंत असं विचारलं तर बहुतेक सगळ्यांनी बोट दाखवलं आकड्यांकडे. तो एक शब्द कोणाच्या लक्षातच नव्हता. (प्रामाणिकपणे सांगते, २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग केला तर तसा परिणाम दिसला नाही, त्यामुळे ह्यावर वाद आहे. एका प्रयोगावर मंदिर बांधू नये.)

आणि उलट्या बाजूने. २ सप्टेंबर २०१५, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाळूत पालथा पडलेला, बुडून मेलेला लाल शर्टातला छोटा सीरियन मुलगा, ॲलन कुर्दी. सीरियाचं युद्ध तेव्हा चार वर्षं चालू होतं, लाखो मेले होते, आकडे रोज पेपरात होते. त्या एका फोटोनंतरच्या आठवड्यात स्वीडनमधल्या रेडक्रॉसच्या सीरिया निधीला रोज देणाऱ्यांची संख्या शंभर पटींहून जास्त झाली, आणि काही आठवड्यांत परत खाली. पॉल स्लोविक ह्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर लिहिलंय. म्हणजे दया पण शब्दचित्राने जागी होते आणि तशीच झोपी जाते. २०२४ च्या अखेरीस जगात घरदार सोडावं लागलेली माणसं १२ कोटींच्या वर होती, त्यातली निम्म्याहून जास्त तर स्वतःच्याच देशात वणवण करत होती, हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावर जांभया. फोटो दाखवला की शांतता.

मला दोन्हीची भीती वाटते, लोंढ्याची पण आणि 'बिच्चारे'ची पण. बिच्चाऱ्याने कायम बिच्चारंच राहायचं असतं, त्याने मोबाइल घेतला की लोक चिडतात.

खारघरचा_कोल्हापुरी

मास्तरीणबाई शेवटचं वाक्य लाखात एक.

आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट सांगतो. १९४३ ते ४८ पोलंडची पाचएक हजार माणसं, बायका आणि पोरंच जास्त, तिथल्या छावणीत राहिली. रशियातनं इराणमार्गे आलेली. आमची आज्जी त्यांना कधी निर्वासित म्हटली नाही, 'पोलंडची पाव्हणी' म्हणायची, आणि त्यांच्या बाया कशा बाजारात मिरची बघून पळायच्या ते ॲक्टिंग करून दाखवायची. आता तिथं स्मारक झालंय. पाव्हणा म्हटलं की विषय कसा बदलतो बघा, पाव्हण्याला चहा विचारायचा असतो, पाव्हण्याचं चुकलं तरी चारचौघांत बोलायचं नसतं.

विजय_सानपाडा

पाहुणा म्हणायला सोपं होतं कारण माणसं पाच हजार, खर्च पोलंडच्या परागंदा सरकारचा आणि युद्ध संपल्यावर बहुतेक निघून गेले. पाहुणा जातो म्हणून पाहुणा. राहिला की भाडेकरू.

घोडबंदर_उषा

हे मात्र जबरदस्त. थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी आठवले, त्यांना आपण कधी लोंढा म्हटलं नाही, उलट स्वेटरवाले आले म्हणजे थंडी आली असं म्हणतो. ते पण निर्वासितच, आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे. पण दोन महिन्यांत जातात.

दादूस_उलवे

सगले वाचला, आता आमचा पन ऐका. आम्ही आगरी, इथलेच, कुठूनपन आलो नाय. नवी मुंबई वसवायला १९७० ला सरकारची सिडको कंपनी झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, ठाणे, पनवेल, उरण. शाळेत मला शिकवला की खाडीकाठच्या ओसाड जागेवर नवीन शहर वसवला. ओसाड! माझ्या आज्याची भाताची शेती आणि मिठागर होता तिथं. एक शब्द टाकला, ओसाड, की माणसं गायबच. गायब झालेल्या माणसांचं विस्थापन कसा होनार?

मग आम्हाला शब्द भेटला प्रकल्पग्रस्त. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त तसा. पूर कोणी आणत नाय ना, येतो. तसाच प्रकल्प पन आला, कोणी आनला नाय 😂 जानेवारी १९८४ ला जासईला आनि नवघरला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जनं गेली, आमचे पुढारी दि. बा. पाटील साहेबांच्या मागं लोकं उभी होती म्हनून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा हिशोब भेटला. तेव्हापासून आम्ही म्हनतो भूमिपुत्र. ह्या शब्दाला आदर भेटतो, पुढारी पन वाकून बोलतो.

पन खरा बोलू, भूमिपुत्र म्हटला की आमचीच पोरं लगेच बाहेरच्याला शिव्या द्यायला मोकळी. आनि त्याच बाहेरच्याला आम्ही चाळी बांधून भाड्यानं देतो. भाडा घेताना तो 'भाडोत्री', भांडन झाला की 'परप्रांतीय'.

कॅम्प_नंबर_चार

दादूस, हे वाचून गप्प बसलो. आम्ही बाहेरून आलेलो आणि तुम्ही आतच बाहेरचे झालेले.

ऐरोलीची_स्नेहा

मी ॲड एजन्सीत कॉपी लिहिते, त्यामुळे मला ह्या विषयात जरा गुन्हेगार असल्यासारखंच वाटतं. आमच्याकडे वाईट पोस्टरचा अभ्यास म्हणून एक दाखवतात. ब्रिटनमध्ये जून २०१६, ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या, मतदानाला आठवडा उरलेला, बाहेर पडा म्हणणाऱ्या नायजेल फराज ह्या पुढाऱ्याने पोस्टर काढलं, माणसांची न संपणारी रांग आणि वर मोठ्या अक्षरात 'ब्रेकिंग पॉइंट'. फोटो खरा होता, खोटं काहीच नाही, फक्त तो २०१५ चा होता आणि क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या हद्दीवरचा होता. त्या रांगेचा युरोपियन युनियनमधल्या नागरिकांच्या ये-जा करण्याच्या हक्काशी संबंधच नव्हता. खरा फोटो, खरे शब्द, जोडणी खोटी. कॉपी लिहिणाऱ्याला हे फार ओळखीचं आहे हो, आम्ही साबण पण असाच विकतो, शेजारी गोरी बाई उभी करतो आणि बाकीचं वाक्य तुम्ही मनात पूर्ण करता.

उषाताईंच्या मेसेजचं पण तेच. 'घरं हेरून जातात' आणि 'रोहिंग्या' ही दोन वाक्यं शेजारी ठेवली, मध्ये 'म्हणून' कोणीच लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने घातलं.

कळव्याचा_बंड्या

रवांडात पण असंच रेडिओवरून केलं होतं ना? झुरळं म्हणायचे.

वाशीची_मास्तरीण

हो, १९९४, आरटीएलएम रेडिओ, तुत्सी लोकांना म्हणायचे 'इन्येंझी' म्हणजे झुरळ. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली. त्या रेडिओच्या लोकांना नंतर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवलं. पण बंड्या, प्रत्येक वाईट शब्दावर रवांडा आणू नये असं मला वाटतं. बहुतेक ठिकाणी शब्दाने कत्तल होत नाही, गेट बंद होतं. खोली भाड्याने मिळत नाही. त्याची बातमी होत नाही म्हणून ते जास्त चालतं.

मुलुंडचा_जावई

हे सगळं ठीक आहे पण २०१९ च्या नागरिकत्व कायद्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही? शरणार्थी कोण आणि घुसखोर कोण ही सगळी गंमत तर

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरील १४ उपप्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे भाषेपुरतंच बोलावं ही विनंती.

मुलुंडचा_जावई

'हलवले' म्हणजे विस्थापित केले का? 😏

घोडबंदर_उषा

😄 जावईबापू, घ्या, तुम्हाला ५ पैशाचं तिकीट.

अपडेट देते आणि माझ्याकडून थांबते. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मेसेजमुळे नोटीस लावायचं ठरलं होतं, सेक्रेटरींनी मसुदा केलेला, "परप्रांतीय लोंढ्यांपासून सावध राहा". मी म्हटलं, जुनी डेस्कवाली आहे, मी लिहून देते. लिहिलं, "कामासाठी येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि फ्लॅट नंबर गेटवर नोंदवावा." मला वाटलं होतं नेहमीप्रमाणे म्हणतील लांब होतंय, बोर्डवर मावत नाही. तसं नाही म्हणाले. दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, बरोबर आहे, पण ह्यात घाबरायचं कशाला तेच कळत नाही. कोणी थांबून वाचणार नाही हे."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकलं नव्हतंच, मी १९ वर्षं हेच म्हणत आले होते.

बोर्ड रिकामा आहे अजून. लादीवाला त्या दिवसानंतर आला नाही, कॉन्ट्रॅक्टरने दुसरा माणूस पाठवतो सांगितलंय, बाथरूमच्या उंबऱ्याची एक लादी बसायची राहिलीय, पाय अडखळतो तिथे.